गट पाडले, पण चालत नाहीत: पहिली-दुसरीच्या वाचन-लेखनात कुठे अडते आणि काय करायचे

२४ मुलांचा पट, पहिली-दुसरी एकाच खोलीत, शिक्षक एक. जुलैत मुलांची तपासणी होते, तीन गट पडतात, गटांना मोगरा, जास्वंद, झेंडू अशी नावे मिळतात आणि खोलीत तीन सतरंज्या अंथरल्या जातात. पंधरा दिवस बरे जातात. मग पोळ्याच्या आसपास कधीतरी तिन्ही सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या राहतात आणि सगळा वर्ग पुन्हा फळ्याकडे तोंड करून बाराखडी म्हणू लागतो. पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा तेच.

असे झाले की दोष मुलांच्या गोंगाटाला दिला जातो, नाहीतर पटसंख्येला. खरा बिघाड दुसरीकडे असतो. शिक्षक ज्या सतरंजीवर बसलेले असतात ती बहुतेक ठीक चाललेली असते. मोडतात त्या उरलेल्या दोन. हिशेब साधा आहे: २०-२० मिनिटांच्या तीन पाळ्या धरल्या तर तासाभरात प्रत्येक मूल २० मिनिटे शिक्षकांजवळ आणि ४० मिनिटे शिक्षकांविना असते. तयारी मात्र सगळी त्या २० मिनिटांची केलेली असते आणि ४० मिनिटांसाठी ‘पान १४ लिहून काढा’ एवढेच. म्हणून दुरुस्ती शिक्षक नसलेल्या सतरंज्यांपासून सुरू करा.

आधी दोन दिवस नुसत्या रेघा मारा

फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात चार खाने आखा. तुम्ही एका गटाजवळ बसलेले असताना दुसऱ्या गटातले मूल उठून आले की त्याचे पहिले वाक्य ऐका आणि त्या खान्यात एक रेघ मारा. वाक्ये ठरलेली आहेत: ‘बाई, झालं!’, ‘बाई, काय करायचं?’, ‘मला येत नाही’ आणि ‘बाई, हा बघा ना!’. चार वाक्ये म्हणजे चार वेगळे बिघाड, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. ‘झालं’ म्हणणाऱ्याला शांत बसवून काही होत नाही. ‘येत नाही’ म्हणणाऱ्याला जास्त काम दिले तर तो पाण्याच्या टाकीकडेच सापडेल.

२० मिनिटांत दोन-तीन रेघा चालतात. सात-आठ झाल्या की तुमच्या पुढ्यातल्या गटाचे शिकणेही तुटते, कारण अक्षरे जोडून शब्द करणारे मूल मधेच थांबले तर पुन्हा पहिल्या अक्षरावर जाते.

‘बाई, झालं!’

काम फार छोटे आहे, किंवा काम आहे पण त्यात डोके लागत नाही. उतारा लिहून काढणे हे याचे नेहमीचे उदाहरण. चलाख मूल सहा मिनिटांत कसेबसे खरडून मोकळे होते. दुसरे मूल वीस मिनिटे वळणदार अक्षरात लिहीत बसते, तेव्हा वाटते की हे तरी शिकते आहे. खात्री करायची असेल तर त्याने नुकत्याच लिहिलेल्या ओळीतल्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवा, बाकीची ओळ हाताने झाका आणि ‘हा वाच’ म्हणा. शब्द न वाचता अख्खे पान उतरवणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ते लिहिणे नसते, चित्र उतरवणे असते.

त्याऐवजी ज्याला शेवट नाही असे काम हवे. सर्वात टिकाऊ म्हणजे अक्षरकार्डांचा डबा. पहिल्या डब्यात म, मा, क, का, न, ना, ल, ला, ब, बा अशी दहा अक्षरे, प्रत्येकी दोन कार्डे, एकूण २०. एवढ्यात मामा, काका, नाना, बाबा, नाला, माला, मला, मका, नका, काम, नाक, कान, मान, माल, लाल, बाक, बाम, मन, कमान, नकल, बालक असे वीसवर शब्द निघतात. डबा दोघांत एक. आठ मुलांच्या गटाला चार डबे, म्हणजे ८० कार्डे. २२ बाय २८ इंची कार्डशीटमधून तीन इंची चौकोन कापले तर ६३ कार्डे मिळतात, तेव्हा दोन शीटमध्ये काम होते आणि हरवणाऱ्या कार्डांसाठी शिल्लकही राहते.

इथे तीन बारीक गोष्टी चुकतात. एक, काना वेगळ्या कार्डावर काढला जातो. मग मूल म-च्या शेजारी काना ठेवून ‘म ला काना मा’ म्हणू लागते. या अवस्थेत ‘मा’ हे एकच कार्ड हवे. सुटे काना-मात्रा-वेलांटी दोन-तीन महिन्यांनी, अक्षर पाहताच उच्चार यायला लागल्यावर द्या. दोन, कार्डाच्या मागे डब्याचा क्रमांक लिहिलेला नसतो. सुटीनंतर जमिनीवर सापडलेले ‘ना’ कुठल्या डब्यातले हे कळत नाही आणि महिन्याभरात चारही डबे निकामी होतात. तीन, शिरोरेषा न काढता अक्षरे लिहिली जातात आणि मुले कार्ड उलटे धरतात. शिरोरेषा काढाच, शिवाय कार्डाच्या तळाला रंगीत रेघ ओढा.

काम असे: शब्द लावायचा, जोडीदाराला वाचून दाखवायचा, पाटीवर लिहायचा. जोडीदाराने ‘म्हणजे काय?’ विचारायचे, अर्थ सांगता आला नाही तर कार्डे परत डब्यात. पाटीवर दहा शब्द झाले की दोघांनी ते वाचायचे आणि नवीन शोधायचे. ‘बाम’ला अर्थ आहे की नाही यावरून दोघे हमरीतुमरीवर आले असतील तर तो गोंगाट थांबवू नका. तसला गोंगाट जितका होईल तितका बरा.

‘बाई, काय करायचं?’

काम आजच नवे दिले आहे आणि सूचना फक्त तोंडी दिली आहे. सहा वर्षांचे मूल तीन टप्प्यांची तोंडी सूचना सतरंजीपर्यंत जाईतो विसरते. नियम एकच: कोणताही नवा उपक्रम आधी तीन दिवस शिक्षकांसमोर होईल, मगच तो शिक्षक नसलेल्या सतरंजीवर जाईल. आणि तिथे गेला की निदान तीन आठवडे तोच उपक्रम राहील, फक्त आतली अक्षरे किंवा पुस्तके बदलतील. रोज नवा खेळ देणाऱ्या उत्साही शिक्षकांचे गट लवकर मोडतात ते यामुळेच. मुलांना कंटाळा येईल ही भीती मोठ्यांची असते.

‘बाई, हा बघा ना!’

हे बहुतेक पेन्सिल, पाणी आणि जागा यांचे भांडण असते. प्रत्येक सतरंजीवर एका डब्यात सहा जास्तीच्या पाटीपेन्सिली, एक ओले फडके. तुटली तर न विचारता घ्यायची. शिक्षकांनी भिंतीला पाठ लावून, सगळी खोली दिसेल असे बसायचे, आणि समोरच्या गटाची पाठ बाकीच्यांकडे. उलटे बसले तर वाचणाऱ्या मुलाचे डोळे शिक्षकांच्या खांद्यावरून पलीकडच्या सतरंजीवर असतात. एवढे केले की या खान्यातल्या रेघा आठवड्यात खाली येतात.

‘मला येत नाही’

इथे वेळ घालवा, कारण बाकीच्या तिन्ही दुरुस्त्या करूनही हा खाना भरत राहिला तर गटच चुकीचे पडलेले असतात.

‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीतली तपासणीची शिडी शिक्षकांना ठाऊक आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्यात कोणतीही ५ अक्षरे विचारून ४ आली तर ती पायरी पार धरतात. राज्याची किंवा जिल्ह्याची स्थिती पाहायला हे पुरेसे आहे, रोजचे गट पाडायला नाही. मुलाने निवडलेली पाच अक्षरे क, म, न, र, ग असतील, तर बाकीच्यांचे काय हे त्यातून समजत नाही. गटासाठी पूर्ण तक्ता लागतो, आणि तोही उलटसुलट क्रमाने. मूळ क्रमात विचारले तर ‘घ’वर बोट ठेवल्यावर मूल मनात क-ख-ग-घ म्हणत तिथवर पोहोचते. ती ओळख नव्हे, ते गाणे आहे. अक्षरांचा तक्ता, मग काना-वेलांटी-उकार-मात्रा असलेले दहा शब्द, मग चार वाक्यांचा उतारा आणि त्यावर दोन प्रश्न. एका मुलाला चार-पाच मिनिटे, रोज चार मुले, सहा दिवसांत २४. एका दिवसात उरकायला गेलात तर शेवटच्या दहा मुलांची पातळी अंदाजाने भरली जाते.

तपासणीनंतर साधारण तीन घोळके दिसतात. ज्यांची निम्म्याहून अधिक अक्षरे कच्ची आहेत ते. अक्षरे येतात पण दहापैकी सात शब्दही लागत नाहीत ते. आणि शब्द वाचतात पण उताऱ्यात अडखळतात किंवा वाचून झाल्यावर काय वाचले ते सांगत नाहीत ते. पहिली-दुसरी हा भेद इथे विसरायचा. दुसरीतले मूल पहिल्या गटात आले तर त्याला लाज वाटते, हे खरे. त्याच्याकडे डब्यांची जबाबदारी द्या, पण पातळी वर ढकलू नका.

मधला गट सर्वात हट्टी. ‘अक्षरं सगळी येतात, पण शब्द वाचत नाही’ ही तक्रार ऐकली नाही असा शिक्षक सापडणार नाही. कारणे बहुधा दोन.

पहिले कारण ‘क ला काना का’. बाराखडी पाठ करताना ही सांगड चांगली वाटते, पण वाचताना ‘काका’ या दोन अक्षरांच्या शब्दाचे ‘क ला काना का, क ला काना का’ होते, आणि शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात निसटते. उपाय म्हणजे ते वाक्य वर्गातून काढूनच टाकणे. अक्षरावर बोट, तोंडातून थेट ‘का’. मूल सवयीने ‘क ला’ म्हणू लागले तर थांबवून तेच कार्ड पुन्हा दाखवा, रागावू नका. सवय जायला दोन-तीन आठवडे लागतात. घरी आजीने तेच शिकवलेले असते, तेव्हा पालकसभेत एकदा सांगून ठेवा.

दुसरे कारण शब्दांचा क्रम. बिनकान्यामात्र्याचे शब्द सोपे, म्हणून कमळ, बदक, गवत यांच्यापासून सुरुवात करण्याची रूढी आहे. दिसायला ते सोपेच. पण मूल सुटी अक्षरे वाचते तेव्हा म्हणते क-म-ळ, प्रत्येकात पूर्ण अ, आणि बोलताना आपण म्हणतो कमळ्, शेवटचा अ गिळून. म्हणजे जोडलेला आवाज आणि ओळखीचा शब्द जुळत नाहीत, नेमकी ती उडी मुलाला मारावी लागते. ‘मामा’मध्ये अशी उडी नाही: मा आणि मा, झाले मामा. म्हणून क्रम असा ठेवा. आधी मामा, काका, बाबा, नाना. मग नाला, माला, मला, मका, जिथे शेवटी काना आहे. मग काम, नाक, कान, लाल, जिथे शेवटचा अ गळतो. मग कमान. आणि नकल, कमळ, बदक सर्वात शेवटी. क्रम एवढा बदलला तरी अडलेली बरीच गाडी सुटते.

सारखी दिसणारी अक्षरे हे छोटे दुखणे आहे, पण चिवट. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, य आणि थ, प आणि ष. ही एकाच आठवड्यात शिकवू नका, मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. घ आणि म यांची शिरोरेषा सलग असते, ध आणि भ यांची डावीकडे तुटलेली. मुलांना ही खूण दाखवली की पुरते. मोबाइलवर किंवा संगणकावर तयार केलेल्या शब्दपट्ट्यांत आणखी एक गंमत होते: बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, पाठ्यपुस्तकातले नाहीत. पुस्तकात ‘लाल’ वाचणारे मूल पट्टीवर गप्प बसले तर आधी छापील अक्षर तपासा.

चित्रतक्ताही पाहून घ्या. ‘ग गडूचा’ म्हणून काढलेले चित्र पाहून मूल ‘तांब्या’ म्हणते आणि ग-वर बोट ठेवून त वाचते. त्याचे काहीच चुकलेले नसते. ऐरण आणि औत न पाहिलेली मुले आता खेड्यातही आहेत. ण आणि ळ यांनी सुरू होणारा शब्दच नाही, तरी ‘ण बाणाचा’ ऐकून काही मुले ण-ला बा वाचतात. मुलांनीच सुचवलेल्या वस्तूंचा तक्ता वर्गात तयार करा.

शिक्षकांची २० मिनिटे

मधल्या गटासाठी अशी मोडतात. तीन मिनिटे नुसते कानाने: शिक्षक ‘ना…क’ म्हणतात, मुले ‘नाक’, मग उलटे, शिक्षक ‘कान’ आणि मुले ‘का…न’. यात पाटी नाही, कार्ड नाही. पाच मिनिटे अक्षरे, त्यात नवी जास्तीत जास्त दोन. सात मिनिटे शब्द आणि वाक्ये. चार मिनिटे पाटीवर श्रुतलेखन, चार शब्द आणि एक वाक्य. शेवटचा एक मिनिट पुढच्या सतरंजीवर काय वाचायचे ते हातात देण्यासाठी.

वेळ वाया जातो तो मधल्या सात मिनिटांत. आठ मुले, एकेकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरही वाचन येत नाही. शिवाय पहिल्याने वाचलेले ऐकून आठव्याला पट्टी पाठ झालेली असते, आणि तो वाचतो असे वाटते. त्याऐवजी तेच दहा शब्द आठ पट्ट्यांवर आठ वेगळ्या क्रमांनी लिहा. सगळ्यांनी एकाच वेळी, हलक्या आवाजात, आपापली पट्टी वाचायची. शिक्षक एकेकाकडे वाकून अर्धा मिनिट ऐकतात. शेजाऱ्याचे ऐकून उपयोग नाही, कारण त्याचा शब्द वेगळा. सुरुवातीला बाजार भरल्यासारखे वाटते, चार दिवसांत मुलांना सवय होते.

मूल अडले की मनात पाच अंक मोजा आणि मगच बोला. ‘मका’ला ‘मला’ म्हणणारे मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज करते आहे. ‘नीट बघ’ने त्याला काही मिळत नाही. ‘शेवटी काय आहे?’ असे विचारा, बोट ‘का’खाली ठेवा. ते स्वतः दुरुस्त करते.

वरच्या गटात जोडाक्षरांपेक्षा र जास्त छळतो. ‘सूर्य’चे ‘सूयर’ होते, कारण रफार लिहिलेला य-वर असतो आणि म्हणायचा आधी. बोट सू-वरून थेट रफारावर उचलायचे आणि मग य-वर उतरवायचे, असे चार-पाच शब्द रोज: सूर्य, पर्वत, वर्ग, गर्दी. दर्या आणि दऱ्या शेजारी लिहून मोठ्याने म्हणून घ्या, फरक कानाला आधी कळतो. या गटाला शिक्षक रोज लागत नाहीत. आठवड्यातून तीनदा पुरे. उरलेल्या दोन दिवसांची पाळी खालच्या गटाला द्या, त्यांना रोज आणि कधीकधी दिवसातून दोनदा बसवावे लागते. सगळ्यांना समान वेळ देण्याचा आग्रह इथे मोडावा.

जोडीने वाचन बिघडते तेव्हा

हुशार मुलाबरोबर सर्वात कच्चे मूल बसवले की हुशार वाचते आणि कच्चे मान डोलावते. गटातल्या आठ जणांची वाचनाप्रमाणे यादी करा आणि पहिल्याबरोबर पाचवा, दुसऱ्याबरोबर सहावा, तिसऱ्याबरोबर सातवा, चौथ्याबरोबर आठवा अशा जोड्या लावा. अंतर हवे, पण दरी नको. एक वाचतो तेव्हा ओळीखालचे बोट ऐकणाऱ्याचे. हा उलटा वाटणारा नियम ऐकणाऱ्याला पानावर धरून ठेवतो. पाच अंक मोजूनही शब्द आला नाही तर सांगायचा, हसायचे नाही, पान संपले की अदलाबदल. पुस्तके कमी असतील तर स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीवार मोफत मिळतात. छापून, मधे दुमडून, दोरीवर टांगल्या की मुले स्वतः उतरवून घेतात. दोरी मुलांच्या खांद्याच्या उंचीवर बांधा. मोठ्यांच्या उंचीवर बांधलेल्या दोरीवरची पुस्तके वर्षाअखेरीस कोरीच असतात.

लेखनाची सतरंजी

आठवड्यातून निदान दोनदा मुलांनी स्वतःच्या मनातले लिहावे: आधी चित्र, मग चित्रातल्या वस्तूंची नावे, मग एक वाक्य. सुरुवात सुचत नसेल तर अर्धे वाक्य द्या: ‘आमच्या घरी…’, ‘मला भीती वाटते…’. दुसरे सगळ्यात जास्त चालते.

एका मुलाने पाटीवर लिहिले आहे: ‘मि शाळत जतो’. लाल खडूने तीन फुल्या मारण्याआधी काय दिसते ते पाहा. ‘तो’चा काना-मात्रा बरोबर आहे, म्हणजे चिन्ह माहीत आहे. ‘शाळेत’मधली मात्रा आणि ‘जातो’मधला काना गळला आहे. शेवटच्या अक्षराकडे लक्ष जाते, त्याच्या आधीचे घाईत सुटते. तेव्हा त्याला वाक्य पुन्हा लिहायला लावू नका. ‘जा…तो’ असे लांबवून म्हणायला सांगा, ज आणि जा ही दोन कार्डे पुढे ठेवा आणि ‘यातला कुठला?’ विचारा. ‘शाळे…त’चेही तसेच. आणि ‘मि’? तो आज सोडून द्या. एकाक्षरी शब्दातला आणि शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, हा नियम मी, तू, आई, पाणी या शब्दांतून वाचता वाचता डोळ्यांत बसतो. पहिलीत ऱ्हस्व-दीर्घावर फुल्या मारल्या की मूल दोन शब्दांपुढे लिहीतच नाही. एका वेळी एकच गोष्ट सुधारायची, आणि कुठली ते मुलाला आधी माहीत हवे.

शब्द पक्के करायला नक्कल हवीच असेल तर अशी: बघ, झाक, लिही, ताडून बघ. शब्दावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून आठवणीने लिहायचे. पाच शब्द पुरतात. रोजचे पाटीवर, कारण पुसता येते म्हणून मूल धजावते. पण पाटीवर पुरावा राहत नाही, म्हणून शुक्रवारचे लेखन दुरेघी वहीत, तारीख घालून.

गट गोठले असतील तर

जुलैत खालच्या गटात बसलेले मूल मार्चमध्येही तिथेच असेल तर दोष मुलाचा समजू नका. दर चार आठवड्यांनी खालच्या दोन गटांची छोटी तपासणी करा. एका कागदावर २४ ओळी, सहा रकाने, बस्स. मोठ्या नोंदवह्या भरण्यात तो वेळ जातो ज्यात मुलाचे ऐकायचे होते. दोन सलग तपासण्यांत पायरी पार झाली की लगेच वर. एक-दोन मुले वर गेलीच नाहीत तर त्यांची नजर आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचे वाचत नाही पण पट्टी नाकाजवळ धरून वाचते, हे दिसले तर चष्म्याचे काम आहे.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असे लक्ष्य आहे. ‘समजून’ हा शब्द लवकर गळतो. घड्याळ लावून रोज वाचायला लावले की मुले पूर्णविराम खातात आणि शेवटी काय झाले हे सांगू शकत नाहीत. घड्याळ महिन्यातून एकदाच, तेही न पाहिलेल्या उताऱ्यावर, आणि लगेच दोन प्रश्न.

वाचन अचूक पण अर्थ नाही, असे मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिली-पावरी, गडचिरोलीत गोंडी-माडिया किंवा पालघरला वारली-कातकरी बोलणाऱ्या मुलांत दिसले तर उतारा सोपा करून भागत नाही. तीच गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगितली जावी, त्यातले पाच-सहा शब्द दोन्ही भाषांत फळ्यावर यावेत, मग पुस्तक उघडावे. बोली न येणाऱ्या शिक्षकांनी हे काम मोठ्या इयत्तेतल्या मुलीवर किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंवर सोपवावे. त्या गोष्ट उत्तम सांगतात.

शिक्षकच सतरंजीवर नसतील तेव्हा

केंद्रप्रमुखांचा फोन, तांदळाची गाडी, तातडीने भरायची माहिती. हे होणारच. अशा दिवशी तिन्ही पाळ्या ओढत नेऊ नका. सगळ्या वर्गाने जोड्यांनी वाचायचे आणि मग पाटीवर आवडलेले एक वाक्य लिहायचे, हा एकच ठराविक बेत ठेवा आणि तो महिन्यातून एकदा तुम्ही हजर असतानाही करून घ्या, म्हणजे गरजेच्या दिवशी ‘काय करायचं?’ येत नाही.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेले मूल हंगाम संपल्यावर परत येते तेव्हा ते सोबतच्या गटाच्या कितीतरी मागे असते. त्याला जुन्याच गटात बसवले तर आठवडाभर ‘येत नाही’ म्हणते आणि मग तेही म्हणायचे सोडते. डब्यांना क्रमांक दिलेले असतात ते यासाठीही. जाताना शेवटचा डबा कुठला होता ते कागदावर लिहिलेले असते. परत आल्यावर त्याच्या दोन डबे आधीचा डबा हातात द्यायचा, दोन-तीन दिवस जोडीदाराबरोबर शब्द लावू द्यायचे आणि मग तपासणी घ्यायची.